घरघर थांबली, घर ऐकू आले

शेतकऱ्याच्या घरात आवाज म्हणजे बातमी असते. विहिरीवरच्या मोटारीचा सूर एकाएकी हलका होऊन वर चढला, की समजावे पाणी तुटले आणि पंप हवा ओढू लागला. आश्विनाच्या उन्हात शेतातून तडतड ऐकू आली, की समजावे सोयाबीनची काढणी लांबली, शेंगा फुटू लागल्या. रेशीम करणाऱ्यांना तर ठाऊकच आहे. पाचव्या अवस्थेतल्या अळ्या तुतीच्या पाल्यावर तुटून पडल्या की शेडमध्ये रिमझिम पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. तो मंदावला, की एक तर अळ्या कोषावर आल्या, नाही तर काहीतरी बिनसले. गोठ्यातल्या गाईचे हंबरणे भुकेचे कोणते, वासरासाठीचे कोणते आणि वेणांचे कोणते, हे जुनी माणसे अंथरुणात पडल्या पडल्या सांगतात. ही बातमी वाचायला चष्मा लागत नाही. घर मात्र शांत असावे लागते.

अशा घरांत गेल्या काही वर्षांत एक नवा आवाज मुक्कामाला आला आहे. तो म्हणजे संगणकाची घरघर. सातबारा पाहायचा, योजनेचा अर्ज भरायचा, पोरांचा अभ्यास, बाजारभाव, पीकविमा, सगळे त्याच्यावर चालते. त्याला घरातून घालवावे असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण तो मुकाट्याने काम करू शकतो आणि त्यासाठी फार पैसे लागत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसते. मी कृषी खात्यात विस्ताराचे काम करणारा माणूस. बी.एस्सी. (कृषी) झालो तेव्हा संगणक आमच्या अभ्यासाचा विषय नव्हता. परंतु पंप, मळणीयंत्र, फवारणी पंप यांच्या सहवासात उभी नोकरी गेली. त्या अनुभवावरून सांगतो, संगणकाच्या पेटीत जे कुरकुरते ते यापेक्षा फारसे वेगळे नसते. पंखा, धूळ, उष्णता, सैल स्क्रू आणि कोरडे पडलेले बेअरिंग, एवढीच ती मंडळी.

आमचे घर परभणी जिल्ह्यात, गावाच्या कडेला आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा मुलीसाठी एक वापरलेला संगणक घेतला. गावाकडे ज्या लोखंडी पेटीला सगळे ‘सीपीयू’ म्हणतात, ती माजघरातल्या पत्र्याच्या कपाटावर विराजमान झाली. पडद्यासमोर मुलीची खुर्ची, पलीकडच्या भिंतीशी माझ्या वडिलांची खाट आणि त्या भिंतीच्या मागे गोठा. वडिलांना घरीदारी सगळे आबा म्हणतात. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांची खाट त्या भिंतीला लागून आहे ती उगीच नाही. गोठ्याकडे एक कान ठेवून झोपायचे, ही त्यांची साठ वर्षांची सवय.

मुलगी आता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. दिवसा घरातली कामे, येणारे-जाणारे आणि विजेचा लपंडाव, त्यामुळे तिचा खरा अभ्यास रात्री दहानंतर सुरू होतो तो दोन-दोन वाजेपर्यंत चालतो. पेटीची घरघर आम्हाला सवयीची झाली होती. रोज कानांवर पडणारा आवाज माणसाला ऐकू येईनासा होतो. तो नसता तर आणखी काय ऐकू आले असते, हे मात्र कळत नाही.

ते कळले २०२३ च्या श्रावणात. रात्री पाऊस होता. गोठ्यातल्या गाईचा मागचा पाय दाव्यात अडकला आणि ती धडपडून खाली बसली. सकाळी धार काढायला गेल्यावर उलगडा झाला. पाय सुजलेला, दाव्याचा वळ रुतलेला. महिनाभर लंगडत होती, दूध निम्म्यावर आले. जनावराच्या डॉक्टरांनी पाय वाचवला हेच पुष्कळ. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. संध्याकाळी एवढेच म्हणाले, “आरं, पाऊस असला म्हणून काय झालं? ती धडपड मला ऐकू आली असती. ह्या डब्यानं कान भरून टाकलेत माझे.”

मुलगी कानकोंडी झाली. “आबा, मग मी रात्री लावायचाच नाही का?”

“लाव गं माय,” आबा म्हणाले. “तुझा अभ्यास झालाच पाहिजे. पण ह्याचं तोंड कुणीतरी बंद करा.”

आबांचे म्हणणे म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून सोडून देण्यासारखे नव्हते. वय झाले की कान आधी बारीक, उंच पट्टीच्या आवाजांना पारखे होतात आणि घरघरीतून नेमका आवाज वेचून काढण्याची कानांची ताकद कमी होते. म्हणून म्हातारी माणसे शांत खोलीत आपल्याशी व्यवस्थित बोलतात आणि लग्नाच्या मांडवात मात्र ‘काय? काय?’ करतात. आपल्याला पेटीची घरघर किरकोळ वाटते. त्यांच्या कानांवर मात्र ती पडद्यासारखी पसरते. झोपेचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार झोपायच्या खोलीतला सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती घराबाहेरच्या आवाजाची. घरातल्या आवाजाचा बंदोबस्त ज्याचा त्यानेच करायचा.

सल्ले भरपूर मिळाले. कोणी म्हणाले, पेटीवर गोधडी टाका. कोणी म्हणाले, कपाटात बंद करून दार लावा. तालुक्याच्या एका दुकानदाराने तर पेटी उघडूनही न पाहता सांगितले, “जुना झाला, नवा घ्या.” यातले गोधडीचे औषध सगळ्यांत वाईट, कारण ते रोगापेक्षा भयंकर आहे. पेटीतला पंखा आतली ऊब बाहेर टाकण्यासाठी फिरत असतो. वाट बंद केली की ऊब आतच कोंडते, पंखा आणखी जोरात फिरतो आणि आवाज उलट वाढतो. बहुतेक प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचले की जीव वाचवण्यासाठी स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे आवाजही गेला नाही आणि कामही मंदावले. इंजिन तापते म्हणून कोणी रेडिएटरला पोते गुंडाळत नाही.

तेव्हा मी ठरवले, मोटार बिघडल्यावर जसे करतो तसेच इथे करायचे. आधी आवाज नेमका कुठून येतो ते शोधायचे. मेस्त्री लोक इंजिनाचे बेअरिंग तपासताना पान्ह्याचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे कानाला लावतात. संगणकाच्या आत लोखंड घालणे बरे नव्हे, म्हणून मुलीने जुन्या कॅलेंडरच्या पानाची नळी केली. संगणक चालू ठेवून, पेटीच्या बाहेरूनच, ती नळी एकेका जागी धरून ऐकले. पाच मिनिटांत तीन निरनिराळे आवाज सापडले. एक पंख्याची ‘सूंऽऽ’, दुसरा हार्ड डिस्कचा खर्जातला गुंजारव आणि मधूनमधून कुरतडल्यासारखी टिकटिक, तिसरा पत्र्याचा थरथराट. तिसरा तर पेटीवर तळहात दाबला की थांबायचा आणि हात काढला की पुन्हा सुरू व्हायचा.

आता आवाजाचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण ते आपल्या नेहमीच्या बेरीज-वजाबाकीसारखे नाही. सारख्या आवाजाचे दोन पंखे असतील आणि त्यातला एक बंद केला, तर आवाज निम्मा होईल असे वाटते. प्रत्यक्षात तो फक्त ३ डेसिबलने उतरतो आणि कानाला थोडासाच फरक कळतो. कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबल कमी व्हावे लागतात. पंखा ४० डेसिबलने ओरडत असेल आणि डिस्क ३० ने, तर डिस्क काढून टाकली तरी एकूण आवाज अर्ध्या डेसिबलनेही उतरत नाही. म्हणून सगळ्यांत मोठा आवाज आधी, मग दुसरा, मग तिसरा, असा क्रम लावावा. नाही तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. पैसे खर्च होतात आणि घरघर तशीच राहते.

आमच्याकडे सगळ्यांत मोठा आवाज पंख्यांचा होता. त्याचे मूळ धुळीत होते. शहरातल्या घरात नुसती धूळ असते. आपल्याकडे मळणीचा भुसा, कापसाची रुई, चुलीचा धूर, उदबत्तीची काजळी आणि वाऱ्याबरोबर येणारी काळी माती असा सगळा मसाला असतो. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांचा एक गठ्ठा बसवलेला असतो, त्याला हीट सिंक म्हणतात. त्या पात्यांच्या फटींत रुई आणि धूर मिळून नमद्यासारखा थर बसतो. हवा जाईनाशी झाली की ऊब साचते आणि पंखा जीव खाऊन फिरू लागतो. आमची पेटी उघडली तेव्हा आतून ओंजळभर रुई आणि एक वाळलेली पाल निघाली. पेटीच्या मागची एक रिकामी खाच उघडीच राहिली होती, तिथून ती शिरली असणार.

साफसफाईची रीत नीट सांगतो, कारण नुकसान होते ते इथेच. आधी संगणक व्यवस्थित बंद करावा, विजेची वायर भिंतीतून काढावी आणि मग सुरू करण्याचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पेटी ओसरीवर किंवा अंगणात न्यावी. आतल्या कशालाही हात लावण्यापूर्वी पेटीच्या रंग नसलेल्या पत्र्याला बोट लावावे. अंगात साठलेल्या स्थिर विजेचा झटका आपल्याला जाणवणारही नाही एवढा बारीक असला, तरी आतल्या भागांना तो मारक ठरू शकतो. रंगकामाचा नवा, कोरडा, मऊ ब्रश घेऊन धूळ सैल करावी आणि सायकलच्या हातपंपाने फुंकून काढावी. पंक्चरच्या दुकानातली हवा वापरू नये. तिच्यात पाण्याचे आणि तेलाचे तुषार असतात आणि दाबही फार असतो. ओले फडके तर आत नेऊच नये. फुंकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. पाती मोकळी सोडली तर वाऱ्याने भलत्याच वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होते. नाकाला रुमाल बांधायला विसरू नये.

एका डब्याला मात्र हात लावायचा नाही. पेटीत वीज जिथून शिरते तो चौकोनी डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब बराच वेळ राहू शकतो. त्याच्या जाळीवरची धूळ बाहेरून ब्रशने काढावी. त्याचा पंखा खरखरतच असेल तर जाणकाराकडून सगळा डबाच बदलून घ्यावा.

एवढ्या साफसफाईने आमचा निम्मा त्रास गेला. प्रोसेसरवरचा पंखा तरीही सुरू होताना पहिली काही मिनिटे किरकिरत असे. हे कोरड्या बेअरिंगचे लक्षण. साध्या बुशवर फिरणाऱ्या पंख्याच्या मधला गोल कागद हलकेच उचलून आत शिलाई मशीनच्या तेलाचा एक, फार तर दोन थेंब सोडले, की तो पुन्हा गुमान फिरू लागतो. हे औषध काही महिन्यांचे. पंखा पुन्हा किरकिरला तर नवा आणावा. गोडेतेल किंवा खोबरेल चुकूनही घालू नये, ते पुढे चिकट होऊन पंखा जाम करते. त्याच वेळी हीट सिंक उचलून खालची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घेतली. प्रोसेसर आणि हीट सिंक या दोघांमध्ये केसाएवढ्या फटी असतात, त्या भरून ऊब पलीकडे पोचवणे हे तिचे काम. वर्षानुवर्षांनी ती सुकून मातीसारखी होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पेस्ट हरभऱ्याच्या दाण्यापेक्षाही थोडी कमी लावावी. जास्त लावल्याने जास्त गुण येत नाही, खतासारखेच आहे ते. ज्यांना हे काम जमणार नाही त्यांनी दुकानातून करून घ्यावे, पण समोर उभे राहून.

यानंतर वळलो पेटीच्या मागच्या पंख्याकडे. इथे पंपाचे शास्त्र जसेच्या तसे उपयोगी पडले. डिझेल इंजिनावरचा पंप निम्म्या वेगाने चालवला तर ताकद सुमारे आठव्या हिश्श्याएवढीच लागते. पंख्यालाही हाच नियम लागू आहे आणि वेग निम्मा केला की त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने खाली येतो. मग हवा कमी पडेल, त्याचे काय? त्यावर उपाय म्हणजे मोठा पंखा. ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० मिलिमीटरच्या पंख्याचे तोंड सव्वादोन पट मोठे असते, त्यामुळे तो सावकाश फिरूनही तेवढीच हवा टाकतो. आमच्या पेटीला मागे मोठ्या पंख्याची भोके तयार होती, पण बसवला होता लहान. तो काढून मोठा लावला. पंखा बसवताना तोंड उलटे होऊ देऊ नये. ज्या बाजूला आडवे दांडे आणि कागदी लेबल असते त्या बाजूने हवा बाहेर पडते. मागच्या पंख्याची ती बाजू पेटीच्या बाहेर यावी. बहुतेक पंख्यांवर तसा बाणही असतो.

तिसरी गोष्ट फुकटची. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबली की बायोस नावाचा एक पडदा उघडतो. (कळ कोणती ते सुरुवातीलाच पडद्यावर लिहून येते.) तिथे पंख्याच्या वेगाची सोय असते. आमच्याकडे ती कायम पूर्ण वेगावर ठेवलेली होती, म्हणजे पेटी थंड असो की गरम, पंखा आपला पळतोय. ती बदलून उष्णतेप्रमाणे वेग कमी-जास्त होईल अशी केली. तसेच ज्या प्रोसेसरमध्ये थोड्या वेळापुरता वेग वाढवण्याची सोय असते, तिथे विंडोजच्या वीज-नियोजनात प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांऐवजी ९९ ठेवली की ती उसळी बंद होते. अभ्यास, अर्ज आणि पत्रव्यवहार यांना त्याने काही कमी पडत नाही, पण पंख्याचे उगीच चढणे-उतरणे थांबते. एकसुरी आवाजापेक्षा हे चढणे-उतरणेच झोप जास्त मोडते.

पंखे शांत झाले तेव्हा डिस्कचा गुंजारव उघडा पडला. तो आधीही होताच, पण मोठ्याखाली लहान झाकला गेला होता. जुन्या हार्ड डिस्कमधल्या चकत्या पुष्कळदा मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. त्यांचा थरकाप पेटीच्या पत्र्यात उतरतो, पत्र्यातून कपाटात उतरतो आणि रिकामे पत्र्याचे कपाट तबल्यासारखे घुमते. पेटी कपाटावरून उतरवून भक्कम लाकडी पाटावर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवली. खाली ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे दुहेरी करून चार कोपऱ्यांना दिले. सैल स्क्रू आवळले. भिंतीपासून एक वीत पुढे ओढली, कारण कोपऱ्यात आवाज भिंतींवर आपटून वाढतो आणि हवेलाही वाट मिळत नाही. या सगळ्याला खर्च शून्य. आबांनी स्वतः ट्यूब कापून दिली.

मोठा खर्च एकच केला. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारा भागच नसतो, त्यामुळे ती ना घुमते ना टिकटिकते, शिवाय संगणक चटकन सुरू होतो. जुन्या डिस्कवरचे सगळे आधी नव्यावर उतरवून घेतले आणि जुनी डिस्क कापडात गुंडाळून कागदपत्रांच्या पेटीत ठेवली. इथे एक सावधगिरी सांगतो. डिस्कमधून ठराविक अंतराने ‘टक्... टक्...’ असा ठोका येऊ लागला, तर तो नुसता आवाजाचा प्रश्न राहत नाही. डिस्क शेवटच्या घटका मोजत असण्याचा तो इशारा असतो. तेव्हा दुसरे काही करण्याआधी महत्त्वाचे कागद दुसरीकडे उतरवून घ्यावेत.

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी आणखी एक पाहावे. वीज गेल्यावरच गुणगुण सुरू होत असेल तर दोष संगणकाचा नाही. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरींची वीज देतात, त्यावर छताचे पंखे आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणतात. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर ही तक्रार सहसा राहत नाही.

आणि उन्हाळ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. पंखा खोलीतलीच हवा पेटीत फिरवतो, त्यामुळे आतला भाग खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. मराठवाड्या-विदर्भाच्या मे महिन्यात पत्र्याखालची खोली चाळीस अंशांवर गेली, तर पंखा जास्त फिरणारच आणि त्याला फिरू द्यावे. त्या दिवसांत बायोसमधला वेग दाबून ठेवणे म्हणजे उन्हात नांगराला जुंपलेल्या बैलाला पाणी न दाखवणे.

हे सगळे करायला आम्हाला दोन रविवार लागले. मोबाइलवर आवाज मोजण्याची सोय असते, ती अगदी अचूक नसते, म्हणून आकडे सांगत नाही. आमचे मोजमाप आबांच्या कानांचे. दुसऱ्या रविवारी रात्री मुलगी अभ्यासाला बसली आणि आबा खाटेवर पडले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “माय, आज डबा लावला नाहीस का?” मुलीने पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. मग आबा गप्प झाले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “वासरू आईला ढुशी द्यायला लागलंय. दावं जवळ झालंय त्याचं.” जाऊन पाहिले तर खरोखरच तसे होते.

एवढ्यावर हा लेख संपवला असता, पण आठवड्याने मुलीने जे सांगितले ते मी धरलेच नव्हते. ती म्हणाली, “बाबा, आबा रात्री दोनदा-तीनदा खोकतात. बराच वेळ खोकतात. मला हे माहीतच नव्हतं.” त्यांच्यात आणि तिच्यात सहा हातांचे अंतर. इतकी वर्षे ती त्याच खोलीत जागी होती, आबांना ढास लागत होती, पाण्याचा तांब्या कधी हाताला लागत होता, कधी नव्हता, आणि त्यांनी नातीला एकदाही हाक मारली नव्हती. तिचा अभ्यास मोडू नये म्हणून ते खोकलाही उशीत दाबत. आता ती उठून पाणी देते. आम्ही डॉक्टरांना दाखवले. औषध सुरू झाले आणि रात्रीचा खोकला पुष्कळ कमी आहे. संगणक शांत करायला घेतला तो गोठा ऐकू यावा म्हणून. घरातले माणूसही त्या घरघरीखाली झाकले गेले असेल, असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्या घरी अशी पेटी असेल तर वर्षातून दोनदा ती उघडून साफ करा. एकदा सोयाबीनची रास घरात आल्यावर, एकदा उन्हाळा लागण्यापूर्वी. क्रम लक्षात ठेवा. आधी ऐकणे, मग धूळ, मग तेल आणि पेस्ट, मग पंख्याचा वेग, मग खालचे रबर आणि सगळ्यांत शेवटी नवी खरेदी. पहिल्या चार-पाच गोष्टींतच बहुतेकांचे काम भागेल. काम झाल्यावर रात्री सगळी निजानीज झाली की संगणक चालू ठेवून पाच मिनिटे त्याच खोलीत दिवा मालवून बसा. काय काय ऐकू येते ते एकेक करून मोजा. गोठा ऐकू आला पाहिजे, अंगणातला कुत्रा ऐकू आला पाहिजे आणि घरातले सगळ्यांत म्हातारे माणूस कसे झोपले आहे, तेही ऐकू आले पाहिजे.